लग्नाचे फोटो कोणाचे? खानदेशातल्या फोटोग्राफरसाठी कागदापासून पेनड्राइव्हपर्यंत

खानदेशात लग्नाची ऑर्डर बहुतेक वेळा फोनवरच ठरते. तारीख, गाव, हळद धरून किती दिवस, अल्बम किती पानांचा, ड्रोन लागेल का आणि ॲडव्हान्स किती, एवढं बोलणं झालं की काम पक्कं. कागदावर उतरते ती ॲडव्हान्सची पावती, तीही सगळीकडे नाही. मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासच्या दाट तिथी संपतात आणि तक्रारी सुरू होतात. सिलेक्शनसाठी दिलेल्या पेनड्राइव्हवरून पार्टीने दुसरीकडे अल्बम करून घेतला आणि राहिलेली रक्कम बुडवली. नवरीचा फोटो साडीच्या दुकानाच्या फ्लेक्सवर लागला. प्री-वेडिंगमधला फोटो कुठल्याशा अहिराणी गाण्याच्या यूट्यूब थंबनेलवर दिसला. आपण फोन करावा, तर समोरून उत्तर येतं, "पैसे दिले ना भाऊ, मग फोटो आमचेच."

तुमच्याकडे सही केलेला कागद नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या बऱ्याच चांगल्या फोटोग्राफरना ही गोष्ट माहीत नसते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. वॉटरमार्क, मेटाडेटा (फाइलच्या आत लिहिलेली माहिती), ऑनलाइन गॅलरी हे सगळं नंतरचं.

कायदा नेमकं काय म्हणतो

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटो काढणारा माणूस हा त्या फोटोचा 'कर्ता' असतो. पण कर्ता आणि मालक हे दोघं एकच असतील असं नाही. कलम १७ (बी) सांगतं की, कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला किंवा फिल्म बनवून घेतली, तर उलट करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक तो काम सांगणारा असतो. लग्नाची ऑर्डर यात तंतोतंत बसते. परदेशी फोटोग्राफरांचे यूट्यूब व्हिडिओ पाहून 'शटर दाबणारा तोच मालक' असं आपल्याकडे पुष्कळांनी धरून ठेवलंय. इंग्लंड-अमेरिकेत स्वतंत्र फोटोग्राफरच्या बाबतीत साधारण तसं आहेही. आपल्याकडे नाही.

या कलमातले 'उलट करार नसेल तेव्हा' हे शब्द आपल्या कामाचे. करार असला की मालकी तुमच्याकडे राहू शकते, आणि तो करार लग्नाच्या आधी हवा. फोटो निघाला त्या क्षणी पहिली मालकी ठरते. नंतर जाग आली तर कलम १९ प्रमाणे ग्राहकाच्या सहीने लेखी हस्तांतरण करून घ्यावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांचंच धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. शिवाय हक्क मिळाल्यापासून वर्षभरात तो वापरला नाही आणि कागदात वेगळं लिहिलेलं नसेल, तर तो हक्क सुटतो. म्हणून आधी सही, मग कॅमेरा.

एक हक्क मात्र करार नसतानाही तुमच्याकडे राहतो. कलम ५७ प्रमाणे 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा आणि तुमच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार कर्त्याचाच. दुसरा कोणी तुमचे फोटो स्वतःचे म्हणून स्वतःच्या पेजवर टाकत असेल, तर या कलमाचा आधार घेता येतो.

करारपत्र: एक पान, मराठीत

कराराचं नाव काढलं की लोक बिचकतात. "घरनंच काम शे भाऊ, कागद कसाले?" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्यावर वाद घालू नका. त्याच कागदावर तुमच्या जबाबदाऱ्या आधी लिहा: किती माणसं येतील, किती तास, किती फोटो, अल्बम किती दिवसांत, आजारी पडलात तर पर्यायी माणूस कोण. ग्राहकाला दिसलं पाहिजे की हा कागद त्याचीही बाजू राखतो. मग म्हणा, "आप्पा, यात माझी हमी लिहिलीय, म्हणून सही लागते." हे खरंही आहे, आणि एवढ्यावर बहुतेक घरं सही करतात.

मालकीची कलमं मी पुढीलप्रमाणे लिहितो. हवी तर जशीच्या तशी घ्या, मात्र एकदा आपल्या तालुक्याच्या वकिलाच्या नजरेखालून घाला.

"या कामात काढलेली सर्व छायाचित्रे, व्हिडिओ व त्यांच्या मूळ फाइल्स यांच्या कॉपीराइटचे प्रथम मालक फोटोग्राफर राहतील. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (बी) लक्षात घेऊन उभय पक्षांनी हा करार समजून-उमजून केला आहे."

"ग्राहक व त्यांचे कुटुंबीय यांना अंतिम छायाचित्रे घरगुती व वैयक्तिक कारणांसाठी कायम वापरता येतील. प्रिंट काढणे, नातेवाइकांना पाठवणे, स्वतःच्या सोशल मीडिया खात्यावर टाकणे यासाठी वेगळी परवानगी लागणार नाही."

"जाहिरात, फ्लेक्स, कॅटलॉग, दुकान किंवा व्यवसायाचे पेज, व्यावसायिक व्हिडिओ यांसाठी छायाचित्रे वापरण्यापूर्वी किंवा त्यासाठी इतरांना देण्यापूर्वी फोटोग्राफरची लेखी परवानगी घ्यावी लागेल. त्याचे शुल्क वेगळे असेल."

"सिलेक्शनसाठी दिलेली छायाचित्रे फक्त निवडीसाठी आहेत. पूर्ण आकाराच्या फाइल्स संपूर्ण रक्कम मिळाल्यावर दिल्या जातील."

"फोटोग्राफरने आपल्या कामाचा नमुना म्हणून ही छायाचित्रे दाखवण्यास ग्राहकाची संमती: आहे / नाही. असल्यास कोठे: स्टुडिओत / सोशल मीडियावर / छापील जाहिरातीत."

शेवटचं कलम गाळू नका. कॉपीराइट तुमचा झाला म्हणजे नवरीचा चेहरा तुमच्या बोर्डावर लावायची मोकळीक मिळाली, असं होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. त्यापलीकडे साधी गावातली गोष्ट अशी की, मुलीचा फोटो न विचारता स्टुडिओबाहेर लागला तर तिच्या माहेरच्यांना आणि सासरच्यांना दोघांनाही राग येतो, आणि तो योग्यच असतो. ज्याला आपल्या फोटोंचा मान राखून हवा, त्याने फोटोतल्या माणसाचा मान आधी राखावा. 'नाही'वर खूण असेल तर ती पूर्ण पाळा.

सही कोणाची घ्यायची? ऑर्डर देणारा आणि पैसे देणारा बहुधा नवरदेवाचा बाप किंवा मोठा भाऊ असतो, म्हणून त्याची सही हवीच. पण फोटो पुढे वापरणार नवरा-नवरी, त्यामुळे त्यांच्याही घ्या. मुलीकडच्यांनी वेगळा फोटोग्राफर आणला असेल तर त्यांचा करार त्यांच्याशी, तुमचा तुमच्या पार्टीशी.

स्टॅम्पबद्दल: महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारांसाठीचा किमान मुद्रांक ५०० रुपयांचा झालाय. साध्या कागदावरचा करार खोटा ठरत नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून दाखवताना आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. मोठ्या ऑर्डरला स्टॅम्प घ्यावा आणि लहान कामाला छापील फॉर्मवर सही घ्यावी, असं माझं मत. काहीच न घेण्यापेक्षा साधा कागद कितीतरी बरा.

पार्टी सुरतला किंवा पुण्याला असेल आणि सही शक्य नसेल, तर कराराचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून "वाचले, मान्य आहे" असं उत्तर लग्नाआधी मागून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १० ए इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार मान्य करतं. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर पुन्हा विचारा, शब्दांत उत्तर घ्या. आणि ते संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा.

बाहेरून बोलावलेली माणसं

दाट तिथीला सगळेच एकमेकांची माणसं घेतात. कँडिडवाला भुसावळहून, ड्रोनवाला शिरपूरहून. त्यांनी काढलेल्या फोटोंवर हक्क कोणाचा, हे दोन ओळींच्या कागदावर आधीच लिहून घ्या, आणि पार्टीला परस्पर फोटो न देण्याची अटही त्यातच टाका. कामाच्या दिवशी कार्ड तुमचं द्या आणि संध्याकाळी परत घ्या. अल्बम डिझायनरला पूर्ण फोल्डर देऊ नका, निवडलेले फोटोच पाठवा.

कॅमेऱ्यात आणि कॉम्प्युटरवर

कॅनन, निकॉन, सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेटअप मेनूमध्ये कॉपीराइटची माहिती भरायची जागा असते. तिथे स्टुडिओचं नाव आणि गाव एकदा भरा. मग प्रत्येक फाइलच्या आत ते आपोआप उतरतं. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी एकसारखी लावा. पुढे वाद झाला तर फोटोचा क्रम दाखवताना याचा फार उपयोग होतो.

एडिटिंगसाठी लाइटरूम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर फोटो इम्पोर्ट करतानाच मेटाडेटाचा प्रीसेट (आधी भरून ठेवलेला साचा) लावा: कर्त्याचं नाव, कॉपीराइटची ओळ, फोन, वापराच्या अटी. ही माहिती व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली की बहुतांश गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की टिकते. म्हणजे मेटाडेटा हे कुलूप नव्हे, ती नोंद आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कॉपीराइट कायद्याचं कलम ६५ बी असं सांगतं की, ही हक्काची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना पुसणं हा गुन्हा आहे आणि त्याला २ वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कोणी तुमचं नाव मुद्दाम पुसलं हे दाखवायचं, तर ते नाव आधी तिथे असायला हवं.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, कोणालाही देऊ नका. एखादी पार्टी फार मागे लागली तर कराराप्रमाणे वेगळी किंमत सांगा. मी तर तीही सांगत नाही. कारण फोटो तुमचाच, हे सिद्ध करायला रॉ फाइलइतका चांगला पुरावा नाही. गळ्यात हार पडतानाचा एक फोटो कोणीही डाउनलोड करून स्वतःचा म्हणेल. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम, ओळीने क्रमांक असलेल्या, फक्त तुमच्याकडे असतात. त्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक स्टुडिओबाहेर, घरी असू द्या. उन्हाळ्यात बंद गाडीत हार्ड डिस्क विसरू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात ते परवडणारं नाही.

खरी गळती सिलेक्शनला होते

आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा तोटा इंटरनेटवर होत नाही. तो त्या पेनड्राइव्हमुळे होतो, ज्यावर 'अल्बमसाठी निवडा' म्हणून आपण सगळे फोटो पूर्ण आकारात देऊन टाकतो. त्या क्षणी पार्टीच्या हातात सगळा माल जातो आणि आपल्या हातात फक्त उधारी उरते.

हिशोब बघा. अल्बमची १२ बाय ३६ इंची शीट चांगली छापायची तर ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) १०८०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. सिलेक्शनसाठी लांब बाजू १२०० पिक्सेल ठेवली, तर त्याच दर्जाने फोटो ४ इंचांचाच छापता येतो. मोबाइलवर आणि टीव्हीवर बघून निवडायला १२०० पिक्सेल पुरेसे आहेत. आजीला नातीचा चेहरा नीट दिसतो. नुसता डीपीआयचा आकडा ७२ करून काही होत नाही. पिक्सेल तेवढेच राहिले तर फोटो तेवढाच मोठा असतो. हा गैरसमज फार पसरलाय.

तरी लहान आकारावर सगळी भिस्त ठेवू नका. अल्बमला १२०० पिक्सेल कमी पडतात, पण फ्लेक्स लांबून पाहिला जातो, त्याला ते चालून जातात. आता फोटो मोठा करून देणारी एआय साधनंही फुकटात मिळतात. म्हणून सिलेक्शनच्या प्रतींवर वॉटरमार्क हवा, आणि तो कोपऱ्यात नको, कारण कोपरा कापला जातो. फिकट अक्षरांत 'सिलेक्शन प्रत' आणि फाइलचा क्रमांक असा मजकूर फोटोच्या मधल्या पट्ट्यात टाका. चेहऱ्यावर येऊ देऊ नका, लोकांना ते खटकतं. साडीची जर, दागिने, शेरवानीची कलाकुसर अशा भरगच्च भागावर तो आला तर पुसणं जास्त अवघड जातं. मोकळ्या आकाशावरचा वॉटरमार्क चुटकीसरशी जातो. क्रमांकाचा आणखी फायदा म्हणजे पार्टी फोनवरही नंबर सांगून निवड कळवू शकते.

ही प्रत गुगल ड्राइव्हवरून देणार असाल तर लिंक 'कोणालाही उघडेल' अशी न ठेवता ठरावीक ईमेललाच द्या आणि पाहणाऱ्यांसाठी डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करा. स्क्रीनशॉट कोणी थांबवू शकत नाही, पण स्क्रीनशॉटही त्या १२०० पिक्सेलचाच आणि वॉटरमार्कसकटच निघणार.

निवड झाली, अल्बम छापून आला, राहिलेली रक्कम मिळाली की मग पूर्ण फाइल्स द्या, आणि त्या वॉटरमार्कशिवाय द्या. पैसे पूर्ण दिलेल्या माणसाच्या घरातल्या फोटोवर आपला भलामोठा लोगो राहावा, हे मला पटत नाही. फक्त दोन फोल्डर करा: एक छपाईसाठी, दुसरा स्टेटस आणि इन्स्टाग्रामसाठी, ज्यात लांब बाजू साधारण २००० पिक्सेल आणि खाली बारीक नाव असेल. लोक आळसाने तयार लहान फाइलच शेअर करतात, त्यामुळे तुमचं नाव आपोआप फिरतं. पेनड्राइव्ह दिल्याची तारीख घालून पोच घ्या, आणि पेनड्राइव्हच्या डबीवर वापराच्या अटी चार ओळींत छापा.

कशावर भांडायचं

पार्टीने स्टेटस ठेवला, फिल्टर लावून इन्स्टाग्रामवर टाकला, मामाने टीव्हीएवढी प्रिंट काढली, तर गप्प बसा. त्यांच्या आनंदासाठीच आपण दिवसभर उन्हात उभे होतो. ब्युटिशियन, मेहंदीवाली, डेकोरेशनवाला यांनी तुमचं नाव टॅग करून आपल्या पेजवर फोटो टाकला तरी चालवून घ्यावं. पुढची ऑर्डर तिथूनही येते. नाव न घालता टाकला असेल तर एक नम्र मेसेज पुरतो.

फ्लेक्स, दुकानाची जाहिरात, कॅटलॉग, गाण्याचा व्हिडिओ, दुसऱ्या स्टुडिओने स्वतःचं काम म्हणून दाखवणं, इथे मात्र सोडू नका.

आधी पुरावा गोळा करा, फोन नंतर. फ्लेक्सचा फोटो दुकानाच्या नावासकट काढा. ऑनलाइन असेल तर पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट, खात्याचं नाव आणि तारीख घ्या. फोटो आणखी कुठे गेलाय ते गुगल लेन्सवर पाहा. मग पार्टीला विचारा. पुष्कळदा दुकानदाराने त्यांच्याकडून 'छान आहे, द्या ना' म्हणून नेलेला असतो आणि नवरीला स्वतःलाही फ्लेक्सची कल्पना नसते. अशा वेळी ती किंवा तिचे घरचे तुमच्याबरोबर उभे राहिले तर दुकानदार त्याच दिवशी फ्लेक्स उतरवतो, कारण तिच्या चेहऱ्याचा वापर तिच्या संमतीशिवाय झालेला असतो. मग दुकानदाराशी शांतपणे दोनच पर्याय बोला: उतरवा, किंवा ठरलेलं शुल्क भरून लेखी परवानगी घ्या.

ऑनलाइनसाठी इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांचे कॉपीराइट तक्रारीचे स्वतःचे फॉर्म असतात, ते भरा. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ लेखी तक्रारीनंतर मजकूर ३६ तासांत रोखण्याबद्दल बोलतो. त्यानंतर २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही, तर तो मजकूर पुन्हा दाखवण्याची मुभा असते. म्हणून तक्रार करून थांबू नका, वकिलाची नोटीस त्याच आठवड्यात पाठवा. तक्रारीत 'मालक मीच' असं लिहिताना करारपत्र हाताशी ठेवा. करार नसताना असं लिहिणं खोटं ठरू शकतं.

कोर्टापर्यंत जायचं झालं तर कलम ६२ ची सोय मोठी आहे: तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. दुकानदार सुरतचा असला तरी चोपड्याच्या फोटोग्राफरला जळगावला दावा लावता येतो. मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई दोन्ही मागता येतात. दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची. फौजदारी बाजूला कलम ६३ प्रमाणे ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तरी गावातल्या माणसावर ते पाऊल शेवटी उचला.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. हक्क फोटो निघताच निर्माण होतो. लग्नाचे हजारो फोटो नोंदवत बसू नका. तुमच्या जाहिरातीत कायम वापरला जाणारा एखादा फोटो असेल तर प्रत्येक कलाकृतीला ५०० रुपये शुल्क भरून नोंदवून घ्या.

डिजिटल पुरावा कोर्टात देताना १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून निघणारा असा लांबलचक आकडा, जो फाइलमध्ये एक पिक्सेल बदलला तरी बदलतो. कॉम्प्युटरवर तो काढणं दोन मिनिटांचं काम आहे. मूळ रॉ फाइल उघडून एडिट करत बसण्याआधी तिची प्रत वेगळी ठेवा आणि त्या प्रतीची हॅश काढा.

आधीच झालेली कामं

मागच्या हंगामातल्या, करार नसलेल्या लग्नांच्या फोटोंची मालकी ग्राहकाकडे आहे असंच धरून चाला. ते फोटो तुमच्या पेजवर असतील तर त्या कुटुंबाला मेसेज करून परवानगी विचारा. ज्यांचा होकार येणार नाही त्यांचे काढून घ्या. एखाद्या लग्नातले फोटो तुमच्या धंद्यासाठी खरंच महत्त्वाचे असतील, तर त्या पार्टीकडे जा आणि कलम १९ प्रमाणे हस्तांतरणाचा कागद करा. त्यात कोणते फोटो, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात हे सगळं लिहा. मोबदला म्हणून एक मोठी फ्रेम किंवा जास्तीचा छोटा अल्बम दिला तर घरचे खुशीने सही करतात.